कोणी काय घ्यायचं, हे कोण ठरवतं?

जळकोट तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक ताया आज तुमच्याशी खरेदीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, खरेदीत कसला आलाय इतिहास? पैसे असले की घ्यायचं, नसले की पुढच्या बाजाराला बघायचं. पण आठवडी बाजारात कापडाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभ्या राहून बघा. बागायतदाराची सून, ऊसतोडीला जाणारी तांड्यावरची बाई, शाळेतल्या मॅडम, वस्तीतली आजी. पैसे सारखेच असले तरी प्रत्येकीचा हात वेगळ्या कापडावर जातो. आपली जात, आपलं काम, आपली ऐपत आणि आपल्याकडे बघणारे चार लोक, हे सगळे आपल्याबरोबर दुकानात येतात.

पूर्वी तर हे उघडच ठरवून दिलेलं होतं. इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदाच केला होता, की कोणत्या दर्जाच्या माणसानं कोणतं कापड वापरायचं. नांगऱ्या-गाडीवानाच्या वाट्याला जाडंभरडं घोंगडीचं कापड. आपल्या देशात त्रावणकोर संस्थानात नाडर जातीच्या बायकांना छाती झाकायची सुद्धा मुभा नव्हती. त्या अनेक वर्षं भांडल्या, तेव्हा १८५९ साली राजानं परवानगी दिली. तरी अट घातलीच, की वरच्या जातीच्या बायकांसारखं मात्र झाकायचं नाही. म्हणजे कापड चालेल, बरोबरी चालणार नाही.

आपल्या मुलखात असा कागद नव्हता, पण गावाची रीत कागदापेक्षा कडक. लुगडं किती वर नेसायचं, हातात कथलाचे गोट घालायचे की चांदीचे, यावरून बाई कोणत्या जातीची हे लांबूनच ओळखू यायचं.

ही ओळख पुसायला सांगितलं बाबासाहेब आंबेडकरांनी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला सत्याग्रह परिषद भरली. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसू नका, खाली घोट्यापर्यंत नेसा. गळ्यातल्या ढीगभर सऱ्या आणि हातातले जाड गोट काढा, कारण त्यावरूनच लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ ठेवा. आणि मुलींना शाळेत घाला. बायकांनी ते ऐकलं आणि लगेच लुगडं नेसायची पद्धत बदलली. यात बघा, नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही. लुगडं तेच होतं, ते फक्त खाली सोडलं. पण गावानं ठरवून दिलेली खूण अंगावरून उतरली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली. पांढरी साडी ही तेव्हापासून आपल्याकडे एक मानाची ओळख झाली. ती मात्र बायांनी स्वतः निवडलेली.

आता तांड्याकडे या. फेटिया, कांचळी, आरशांचं भरतकाम आणि अंगभर चांदी. लोक म्हणतात, बंजारा बायांना दागिन्यांची हौस फार. पण कारण बघा. त्यांचे पूर्वज बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्य वाहायचे, मुलूख-मुलूख फिरायचे. घर बैलाच्या पाठीवर, कुलूप कुठे लावणार? मग बाईच्या अंगावरची चांदी हीच पेढी. अडल्या वेळी मोडता येणारी. रेल्वे आणि सडका आल्या, वाहतुकीचा धंदा बुडाला, तांडे एका जागी बसले. आता शाळेत, दवाखान्यात जाताना लेकी-सुना साडी नेसतात आणि फेटिया-कांचळी तीजेला, लग्नाला पेटीतून बाहेर निघते. ज्याला बाहेरचे हौस म्हणाले, ती खरं तर बचत होती.

म्हणून दुसऱ्याच्या खर्चाला नावं ठेवताना जपून. हे आम्ही का म्हणतो, त्यालाही इतिहास आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. तेव्हा शहाणे लोक म्हणायचे, कुणबी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो. सरकारनं आयोग नेमला. त्या आयोगानंच म्हटलं, की लग्नाच्या खर्चाला उगाच जास्त दोष दिला जातो. मूळ कर्ज लहान असायचं, ते फुगायचं व्याजानं. त्यात शेतसाऱ्याचा तगादा.

मैत्रिणींनो, हा हिशेब आजही तोच आहे. लग्नासाठी ५०,००० रुपये शेकडा ३ रुपये महिन्यानं घेतले, तर वर्षाचं नुसतं व्याज १८,००० रुपये. मुद्दल तसंच उभं. तेच पैसे गटातून शेकडा १ रुपयानं मिळाले, तर व्याज ६,०००. बाकीच्या १२,००० मध्ये लेकीचं वर्षाचं बरंच शिक्षण निघतं.

याचा अर्थ लग्नात वाटेल तसा खर्च करा, असा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, तो भटजीशिवाय, थोडक्यात लग्न लावायला शिकवत होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं, की मुलांच्या लग्नाची घाई करू नका, आधी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. या दोघांनी गरिबाला उधळ्या म्हटलं नाही. खर्च कोणाच्या नजरेसाठी चाललाय, हे तेवढं दाखवून दिलं.

आता जातीची रीत सैल झाली, तर बाजारानं नवी रीत आणली. पूर्वी सांगायचे, हे तुझ्यासाठी नाही. आता टीव्ही, मोबाईल सांगतो, हे नसेल तर तू कमी. पाहुण्यांना अमुकच साडी, आहेराला तमुकच भांडं, मुलीला फ्रीज दिलाच पाहिजे. वरच्या आळीतल्यांनी केलं म्हणून खालच्या आळीत आणि तिथं केलं म्हणून तांड्यावर. श्रीमंताच्या घरी तो खर्च पिकातून जातो. आपल्या घरी ऊसतोडीच्या उचलीतून, म्हणजे पुढच्या हंगामातल्या आपल्याच घामातून जातो.

म्हणून गटात मोठ्या खरेदीसाठी कर्ज मागितलं, की आम्ही तीन गोष्टी विचारायला सांगतो. ही वस्तू कोणाला दाखवायला घेतेस? अडल्या वेळी ती मोडून पैसे येतील का? आणि हप्ता कोणाच्या मजुरीतून जाणार? उत्तर काहीही येवो, मागणारीला कोणी हिणवायचं नाही. कधी कधी नवी साडी ही गरजच असते. मुलीच्या शाळेच्या पालकसभेत मान वर करून बसायला आईला धड साडी लागते, हे महाडच्या बायांना कळलं होतं, ते आपल्यालाही कळतं.

येत्या बैठकीत एक करा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, तुमच्या लहानपणी काय घालायला, काय घ्यायला बंदी होती, आणि ती कोणी मोडली? जे निघेल ते वहीत लिहून ठेवा. आपल्या गावाचा हा इतिहास आपणच लिहिला नाही, तर दुसरं कोणी लिहिणार नाही.