पंपरूमच्या सात पायऱ्या

आपल्या तरणतलावाच्या पंपरूमला सात पायऱ्या उतरून जावे लागते. त्या पायऱ्यांचा पहिल्या महायुद्धाशी काही संबंध असेल, असे मला कधी वाटले नव्हते. पण आहे, म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त हा थोडा इतिहास.

१७७४ साली स्वीडनमधील कार्ल शील यांनी मँगनीजच्या एका खनिजावर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतले आणि हिरवट पिवळा, घशाला झोंबणारा वायू निघाला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हे मूलद्रव्य आहे असे सांगून त्याच्या रंगावरून ‘क्लोरीन’ हे नाव दिले. त्याआधीच, १७९९ मध्ये, ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी हा वायू चुन्यात मुरवून केलेल्या ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले होते. उद्देश एवढाच, की कापड पांढरे व्हावे. पुढे २६ सप्टेंबर १९०८ पासून अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पिण्याच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांच्या देखरेखीखाली हीच पावडर रोज मिसळली जाऊ लागली. ही पद्धत जगभर पसरली, आणि पाण्यातून येणाऱ्या टायफॉइडसारख्या आजारांना आळा बसला. तलावांतही क्लोरीन आले ते त्याच कारणाने.

जेमतेम साडेसहा वर्षे गेली आणि २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू सिलिंडरांतून शत्रूवर सोडला. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत सरकत गेला, खंदकांत उतरला आणि तिथेच साचला. एवढे लांब कशाला? १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीला, बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला.

आता आपल्या घरची गोष्ट. तलाव बरेच महिने बंद होता. तो पुन्हा सुरू करण्याआधी साफसफाई चालली होती. देखभाल करणाऱ्या तरुणाने ज्या मगाने ब्लीचिंग पावडर काढली, त्याच मगात ॲसिड घेतले. मगाच्या तळाशी पावडर राहिली होती. म्हणजे ॲसिड पडताच वायू निघाला, शील यांच्या प्रयोगासारखाच. आणि आपली पंपरूम म्हणजे खंदकच की! वायू वर येईना. वॉचमनने नाकाला फडके बांधून त्याला ओढत वर आणले. धाडस खरेच मोठे, पण तसे कुणी करू नये. दोघेही गेले असते. वर मोकळ्या हवेत, वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन १०१ ला फोन करावा. तो मुलगा तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. सुदैवाने वाचला.

त्याच्या महिनाभर आधी दोन वेगळ्या कपाटांचे कोटेशन कमिटीसमोर आले होते. त्यावर ‘पुढील वर्षी पाहू’ असा शेरा मारून सही करणारा खजिनदार मीच होतो. बँकेत उभी हयात गेली. स्ट्राँगरूमच्या दोन चाव्या दोन माणसांकडे का ठेवतात, हे मला कुणी सांगायला नको होते. पण ॲसिडच्या कॅनला तो नियम लावायचे मला सुचले नाही.

आता कपाटे झाली आहेत, तीही वर, हवेशीर जागी. ॲसिड एकात, ब्लीचिंग पावडर दुसऱ्यात, मग वेगळे, चाव्याही दोघांकडे. रसायन पाण्यात टाकायचे, रसायनावर पाणी ओतायचे नाही. पाण्यातले क्लोरीन एक ते तीन पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ आहे ना, हे रोज तपासून वहीत लिहायचे. आणखी एक गैरसमज काढायला हवा. तलावाला उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, असे नाही. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून तो वास येतो. तेव्हा मंडळी, आधी शॉवर, मग उडी.

पुढच्या पंचवीस वर्षांत कमिट्या बदलतील, काटकसरीचे ठरावही होतील. खर्च कुठेही कापा. त्या दोन कपाटांचा कापू नका, एवढीच या माजी खजिनदाराची विनंती.