पोलादापासून त्वचेपर्यंत : विकृतिसंवेदकांचा इतिहास

प्रस्तावना
अंगावर धारण करावयाच्या उपकरणांतील लवचीक व पारदर्शक विकृतिसंवेदक सामान्यतः नॅनोतंत्रज्ञानाचे अपत्य मानले जातात. ताणामुळे वस्तूच्या लांबीत पडणाऱ्या सापेक्ष फरकास विकृती म्हणतात. ती विद्युत संकेताद्वारे मोजण्याच्या तत्त्वाचा इतिहास मात्र दीड शतकाहून जुना आहे. या इतिहासास वळण नव्या पदार्थांनी दिले की नव्या प्रश्नांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धातूचा कालखंड
लोखंडाच्या व तांब्याच्या तारा ताणल्या असता त्यांचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८५६ मध्ये दाखविले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १९३८ च्या सुमारास, अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे, पृष्ठभागावर चिकटवावयाचा तारेचा विकृतिमापक सिद्ध केला. रूज यांच्यापुढे भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर येणाऱ्या ताणाचा प्रश्न होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या त्यांच्या संस्थेने शोधावरील आपला हक्क सोडून दिला; पुढे हेच साधन अभियांत्रिकी चाचण्यांत सर्वत्र रूढ झाले.

शरीराचा प्रश्न
धातूचा मापक काही टक्क्यांपर्यंतच ताण सहन करतो. पोलादास ते पुरेसे असले तरी सांध्यावरील त्वचेस पुरेसे नाही. १९५३ मध्ये आर. जे. व्हिटनी यांनी पारा भरलेली बारीक रबरी नळी हातापायाभोवती बसवून अवयवाच्या आकारमानातील बदल मोजण्याची पद्धत मांडली. रक्त साठून घेर वाढला की पाऱ्याचा स्तंभ लांब व बारीक होई आणि रोध वाढे. हे साधन पारदर्शक नव्हते. परंतु शरीराबरोबर ताणला जाणारा संवेदक ही कल्पना त्यात पूर्णपणे साकार झाली होती.

नवे पदार्थ
पाऱ्याची विषारिता मात्र दैनंदिन वापराच्या आड येत होती. पारदर्शक वाहक म्हणून रूढ असलेले इंडियम-टिन ऑक्साइड ठिसूळ असल्याने अल्प ताणानेही तडकते. कार्बन नॅनोनलिकांनी ही कोंडी फोडली. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी २८० टक्क्यांपर्यंत ताण मोजणारा संवेदक मोजे व हातमोजे यांत बसवून शरीराच्या हालचाली टिपल्या. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने नॅनोनलिकांच्या पारदर्शक, लवचीक पटलांपासून संवेदक तयार केले. त्यांत रोधाऐवजी विद्युत धारितेतील बदल मोजला जातो.

समारोप
नव्या पदार्थांवाचून हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर पडणे अवघड होते, हे मान्य करावेच लागेल. तथापि ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले, तो शरीरक्रियाशास्त्राने १९५३ मध्येच विचारला होता. केवळ पदार्थांच्या क्रमाने लिहिलेल्या इतिहासात व्हिटनींच्या रबरी नळीस स्थान उरत नाही आणि विद्याशाखांमधील देवाणघेवाणही दृष्टिआड होते.