हृत्स्पंदाची अनियमितता आणि कॅथेटर-चिकित्सा : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

एखाद्या उपकरणाचा इतिहास आणि ते ज्या रोगासाठी योजिले त्या रोगाचा इतिहास हे दोन्ही एकच आहेत असे गृहीत धरण्याची प्रवृत्ती वैद्यकेतिहासाच्या लेखनात वारंवार आढळते. हृदयाच्या अनियमित स्पंदनांवरील कॅथेटर-चिकित्सेच्या बाबतीत हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या चिकित्सेचा आरंभ 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे झाला असे मानावयास हरकत नाही. व्हेर्नर फोर्समन ह्या तरुण शल्यचिकित्सकाने स्वतःच्या हाताच्या शिरेतून लवचिक नळी हृदयापर्यंत नेली आणि क्ष-किरणचित्राने तिची जागा सिद्ध केली. वैद्यकजगताने त्याची दखल उशिरा घेतली. 1956 साली कूर्नां व रिचर्ड्स यांच्यासमवेत त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ही नळी प्रथम केवळ मोजमापाचे साधन होती. 1969 साली शेरलाग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या द्वारे हिसच्या तंतुजुडग्यातील विद्युत्‌स्पंद नोंदविला, आणि हृदयातील विद्युत्‌मार्ग आतून वाचणे शक्य झाले. ज्या मार्गाचे स्थान कळले तो मार्ग तोडता येईल, हा विचार त्यापाठोपाठ येणे स्वाभाविक होते. 1982 साली अमेरिकेत शाइनमन व गॅलघर यांच्या गटांनी कॅथेटरमधून विजेचा धक्का देऊन अलिंद व निलय यांना जोडणारा विद्युत्‌मार्ग खंडित केल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. हा धक्का फार तीव्र व आवरण्यास कठीण होता. पुढील दशकात त्याची जागा रेडिओ-वारंवारितेच्या प्रवाहाने घेतली. हा प्रवाह अग्रभागाजवळची थोडीच पेशी तापवून निकामी करतो. 1991 साली जॅकमन यांच्या गटाने जन्मजात जादा विद्युत्‌मार्ग असलेल्या रुग्णांत ह्या पद्धतीचे यश दाखवून दिले.

अलिंद-विकंपन, म्हणजे डॉक्टरी बोलीतील एट्रियल फिब्रिलेशन, मात्र ह्या उपायास सहजासहजी वश झाले नाही; कारण त्यात तोडावयाचा एक निश्चित मार्गच नसतो. 1998 साली फ्रान्समधील बोर्दो येथील हैसागेर यांच्या गटाने 45 रुग्णांच्या अभ्यासातून असे दाखविले की विकंपन सुरू करणारी बहुतेक केंद्रे फुप्फुस-शिरांच्या आत असतात. तेव्हापासून ह्या शिरांना अलिंदापासून विद्युत्‌दृष्ट्या विलग करणे हेच उपचाराचे सूत्र ठरले. प्रथम उष्णता, नंतर शीत फुगा आणि अलीकडे स्पंदित विद्युत्‌क्षेत्र अशी साधने बदलत गेली. शेवटच्या पद्धतीत उष्णतेचा मुख्य आधार नसतो. अतिसूक्ष्म काळाचे विद्युत्‌स्पंद पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतात. हृदयस्नायू त्यास लवकर बळी पडतो, आणि जवळच्या अन्ननलिकेस इजा होण्याचा धोका घटतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 607 रुग्णांच्या चाचणीत ही पद्धत जुन्या उष्ण व शीत पद्धतींहून उणी ठरली नाही.

आता महाराष्ट्राकडे वळावे. वरील साऱ्या संशोधनाचा रुग्ण प्रामुख्याने उतारवयीन, रक्तदाबाचा वा स्थूलतेचा विकार असलेला आणि झडपा निरोगी असलेला असा आहे. भारतीय रुग्ण निराळा होता. भारतीय हृद्ताल संस्थेच्या नोंदवहीत 24 केंद्रांतील 1537 रुग्णांची माहिती असून त्यांपैकी 47.6 टक्के रुग्णांस संधिवाती झडपविकार होता. बालपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाती ज्वर मायट्रल झडप आकसवितो; डावे अलिंद ताणले जाते आणि ऐन तारुण्यात विकंपन सुरू होते. अशा रुग्णापर्यंत कॅथेटर पोहोचले ते पेशी जाळण्यासाठी नव्हे, तर झडप उघडण्यासाठी. जपानच्या कांजी इनोऊए यांनी 1984 साली वर्णिलेला फुगा हेच त्याचे साधन होय.

मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील संशोधनास ह्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. 2002 साली उत्तर अमेरिकेतील 4060 रुग्णांच्या चाचणीने असे सुचविले होते की ताल पूर्ववत करण्याने केवळ गती आवरण्याहून अधिक आयुष्य लाभत नाही. परंतु 2004 साली अमित व्होरा, यश लोखंडवाला व सहकाऱ्यांनी 144 संधिवाती रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुरळीत ताल राखलेल्या रुग्णांची स्थिती अधिक चांगली आढळली. परदेशी निष्कर्ष येथील तरुण रुग्णास जसाच्या तसा लावता येत नाही, हा त्याचा खरा बोध. 2022 सालच्या एका बहुराष्ट्रीय चाचणीनेही तेच अधोरेखित केले. 4531 संधिवाती रुग्णांत नव्या रक्तपातळ औषधापेक्षा जुने व्हिटॅमिन-के-विरोधी औषधच श्रेष्ठ ठरले.

ह्याचा व्यावहारिक अर्थ नाशिक रोडसारख्या गावाच्या संदर्भात स्पष्ट होतो. रेल्वेभोवती आणि 1928 पासूनच्या चलनी नोटांच्या छापखान्याभोवती वाढलेल्या ह्या वस्तीतून मुंबई लोहमार्गाने सुमारे 187 किलोमीटर दूर आहे. 1975 पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस सकाळी निघून रात्री परत आणते. एकदाच करावयाच्या शिरा-विलगीकरणासाठी हा प्रवास अवघड नाही. परंतु संधिवाती रुग्णाची गरज वर्षानुवर्षांची असते : तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, रक्त गोठण्याच्या वेळेची वारंवार तपासणी, औषधाच्या मात्रेत बदल. ही गरज मुंबईच्या प्रयोगशाळेत भागणारी नव्हे. ती घराजवळच भागली पाहिजे.

यावरून असे दिसून येईल की नवी कॅथेटरे जुन्या रोगास निरुपयोगी नाहीत; मात्र त्यांचा क्रम ठरविणारा इतिहास ज्या रुग्णांनी घडविला, त्यांत येथील रुग्ण फार थोडे होते. म्हणून ह्या विषयाच्या अभ्यासकाने उपकरणांच्या कालानुक्रमाबरोबर तालुका व जिल्हा रुग्णालयांतील संधिवाती ज्वराच्या नोंदींचाही मागोवा घेतला पाहिजे. त्या नोंदींवाचून लिहिलेला इतिहास यंत्राचा होईल, रुग्णाचा होणार नाही.