तालमीतला गडी, रयतेचा सेवक

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव महाराष्ट्रात शिक्षणाच्या संदर्भात घेतले जाते आणि ते यथार्थच आहे. परंतु हा थोर पुरुष एका जैन कुटुंबात जन्मला होता, तरुणपणी तो अंगाने धिप्पाड आणि कुस्तीचा शौकीन होता, आणि तालमीत कमावलेले बळ त्याने आयुष्यभर पोरक्या व गरीब मुलांसाठी वेचले, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. युवकांसाठी काही करू इच्छिणाऱ्या प्रत्येक समाजबांधवाने हे चरित्र मुळातून समजून घेण्यासारखे आहे. त्यातील एक प्रसंग आपल्या समाजाला अडचणीचा वाटणारा आहे. तोही टाळून चालणार नाही.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगराशेजारचे हे गाव दिगंबर जैन बांधवांना तीर्थक्षेत्रामुळे सुपरिचित आहे. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते आणि घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन वसतिगृहात राहू लागले.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. महाराजांचे मल्लविद्येवरील प्रेम जगजाहीर होते. शहरात पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. 1912 साली तर महाराजांनी खासबागेचे भव्य कुस्ती मैदान सिद्ध केले. अशा वातावरणात भाऊरावांसारख्या मुलाचे मन पुस्तकापेक्षा लाल मातीत अधिक रमले यात नवल नाही. कुस्ती, पोहणे, मल्लखांब यांत ते तरबेज झाले. अभ्यासात मात्र त्यांची प्रगती बेताचीच राहिली आणि मॅट्रिकचा उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. ज्यांनी पुढे शेकडो शाळा काढल्या, त्यांच्या पदरी स्वतःची मोठी पदवी नव्हती, हा नियतीचा खेळच म्हणायचा.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना 1899 मध्ये स्तवनिधी क्षेत्री झाली. शिक्षणाचा प्रसार हे सभेचे प्रमुख ध्येय होते आणि कोल्हापूरचे जैन वसतिगृह हे त्याच ध्येयाचे फळ. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे विद्वान, सुधारक विचारांचे नेते या कार्यात अग्रभागी होते. खेड्यापाड्यांतील शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांना या वसतिगृहाने शिक्षणाची वाट दाखविली, हे ऋण कधीही न फिटणारे आहे.

त्याच वसतिगृहातून भाऊरावांना काढून टाकण्यात आले. 1908 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले आणि त्या समारंभास भाऊराव आवर्जून उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नानास साफ नकार दिला. माणसाच्या शेजारी बसल्याने विटाळ होतो हे त्यांच्या बुद्धीस पटेना. शिस्तभंगाचा ठपका येऊन त्यांना वसतिगृह सोडावे लागले, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. चालकांच्या बाजूने पाहता त्या काळातील रूढींचे दडपण मोठे होते, हे खरे. तथापि भगवान महावीरांच्या समवसरणात सर्व जीवांना स्थान होते असे आपण श्रद्धेने सांगतो. त्या कसोटीवर त्या दिवशी कोण उतरले, हे वाचकांनीच ठरवावे.

या घटनेचा उत्तरार्ध अधिक विलक्षण आहे. 1914 च्या सुमारास कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड आणि राणी यांच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. संस्थानात मोठी खळबळ माजली. संशयाचे बोट लठ्ठे यांच्याकडे वळले. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला. ज्या वसतिगृहातून आपल्याला घालविले, त्याच्या धुरीणांपैकी एकावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. नुसता होकार दिला असता तर सुटकाही झाली असती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. छळ असह्य होऊन त्यांनी प्राणत्यागाचाही प्रयत्न केला, पण त्यातून ते वाचले आणि अखेर सुटले. सत्यव्रताची पोथी वाचणारे पुष्कळ असतात. अंगावर वळ उठत असताना ते व्रत पाळणारा विरळाच. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि 1937 मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. त्यांनी लिहिलेले शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र अभ्यासक आजही वाचतात.

उपजीविकेसाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव हिंडले. ही भटकंती वाया गेली नाही. नांगर विकता विकता त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. पोर हुशार आहे, परंतु शाळा चार कोसांवर आणि शहरात राहायला जागा नाही, ही खरी अडचण त्यांच्या ध्यानी आली. तत्पूर्वी दुधगाव येथे काही जैन बांधवांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात पुढाकार घेतला होताच. 1919 च्या विजयादशमीस, कराडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली.

1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान सर्व मुले एकाच पंगतीला बसत आणि स्वयंपाकही मिळूनच करीत. महात्मा गांधींनी 1927 मध्ये भेट देऊन या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले. पैसा कोठून येई? घरोघर मूठमूठ धान्य गोळा करण्याचा मुष्टिफंड होता, देणगीदार होते, आणि काहीच नसेल तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने होते. एकेक दागिना गेला. अखेरीस मुलांच्या पोटासाठी त्या माउलीने मंगळसूत्रही मोडले. 1930 मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. कर्मवीरांच्या कार्याचा जमाखर्च कोणी मांडू म्हटले तर जमेच्या बाजूचे पहिले नाव याच साध्वीचे लिहावे लागेल, आणि समारंभांतील भाषणांतून नेमके तेच नाव गाळले जाते.

तालमीतल्या गड्याची छाप या वसतिगृहावर होतीच. शरीर कष्टाला वाकले नाही तर विद्या अंगी लागत नाही, अशी अण्णांची पक्की धारणा होती. मुले पहाटे उठत, बागेत व शेतात कुदळ-फावडे चालवीत, खडकाळ जमीन फोडून लागवडीस आणीत, दगड-माती वाहत. आखाड्यातल्या जोर-बैठकांनी एकाचे शरीर घडते, पण त्याच घामाने विहीर खणली तर गावाची तहान भागते, असा हा व्यायाम होता. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले, तेथे फी नव्हती; श्रम हीच फी होती. 1947 साली याच तत्त्वावर छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज सर्वत्र ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी हा घाम आहे.

या मुशीतून निघालेल्यांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण बोलके आहे. वसतिगृहात वाढलेला हा विद्यार्थी विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाला, संस्थेच्या सेवेत परतला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

1959 मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. पदवी देऊन मॅट्रिकची जुनी उणीव जणू भरून काढली. त्याच वर्षी 9 मे रोजी अण्णांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. 2019 मध्ये रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. कोल्हापूरच्या दसरा चौकातील जैन बोर्डिंगही उभे आहे आणि बाहेरगावची मुले तेथे राहून शिकत आली आहेत.