गिधाड

गिधाड : ॲक्सिपिट्रिडी कुलातील मृतभक्षक पक्षी. महाराष्ट्रात पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे, राजगिधाड आणि पांढरे (इजिप्शियन) गिधाड या जाती आढळतात. दक्षिण अमेरिकेचा कंडोर हा याचा सख्खा नातलग नव्हे. त्याचे कूळ वेगळे आहे. मेलेले जनावर खाण्याच्या धंद्याने दोघांना सारखे रूप दिले : डोके-मान जवळजवळ उघडी, पंख रुंद.

गिधाड सकाळी घाई करत नाही. जमीन तापून हवा वर चढू लागली की पंख न हलवता घिरट्या घेत उंच जाते. एक खाली उतरले की लांबवरची गिधाडे ते पाहून त्याच दिशेने येतात. बघता बघता मेलेल्या बैलाचा सांगाडा उरतो.

कंडोर बोलिव्हिया, चिली, कोलंबिया व इक्वेडोर यांच्या राजचिन्हांवर विराजमान आहे. आपल्याकडे 'गिधाडासारखे लचके तोडणे' ही शिवीच. सातपुड्यात अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीतही नाचणाऱ्यांच्या टोपात मान मिळतो तो मोरपिसांना, गिधाडाच्या पिसांना नव्हे. गिधाडाची बाजू घेतली ती रामायणाने. सीतेसाठी रावणाशी झुंजलेला जटायू गिधाडच, आणि त्याचे अंत्यसंस्कार रामाने केले. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे तो पडला, त्याच्यासाठी रामाने सर्व तीर्थांचे पाणी तेथे आणले, अशी श्रद्धा आहे. म्हणून ते सर्वतीर्थ टाकेद. जटायूपुढे हात जोडणारी माणसे गिधाड अंगणातल्या झाडावर बसले तर मात्र अपशकुन मानतात!

१९९०च्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झाले. दुखण्यावर जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई. मूत्रपिंडे निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे. जनावरांसाठीच्या या औषधावर २००६ साली बंदी आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक या तशाच घातक औषधांवर यायला मात्र २०२३ उजाडले. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला गिधाडेच न उरल्याने सौर परावर्तकांचा आधार घ्यावा लागला. नुकसान मोजायचे तर एवढे उदाहरण पुरे.

कॅलिफोर्नियाच्या कंडोरवरही अशीच वेळ आली होती. तेथे मुख्य विष होते शिकाऱ्यांच्या गोळ्यांतील शिसे. १९८७ साली जगात फक्त २७ कंडोर उरले असताना रानातला शेवटचा पक्षीही पकडून बंदिस्त प्रजनन करण्यात आले आणि १९९२ पासून पुन्हा सोडणे सुरू झाले. हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ साली ताडोबा व पेंच येथे आणली गेली ती याच वाटेने. संख्या वाढायला मात्र वेळ लागणार : या गिधाडांची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षे जातात. तेवढ्या काळात बंदी घातलेले औषध गोठ्यापर्यंत पोचले, तर पहिल्याच मेजवानीत सारा थवा संपू शकतो.