जमनापार

आमच्या घरात कुणाला कोणती गाडी आवडते यावर अजूनही वाद होतो. आजी, म्हणजे माई, ट्रामची. बाबा चार्टर्ड बसचे. आई साध्या बसची. दुसरं काही तिला रुचतच नाही. मी मेट्रोची. दिल्लीत आमच्या तीन पिढ्या गेल्या, पण स्वतःची मोटार घरात फार उशिरा आली आणि आली तीही बहुतेक वेळ झाकूनच ठेवलेली. त्यामुळे या शहराबद्दल घरात जे काही सांगितलं गेलं, ते सगळं तिकीट काढून पाहिलेलं.

अप्पा, माझे आजोबा, मूळचे भुसावळचे. केंद्र सरकारात कारकुनाची नोकरी लागली आणि १९४९ साली पंजाब मेलने ते दिल्लीला आले. बिऱ्हाड पहाडगंजात, नूतन मराठी शाळेच्या आसपास. तिथे चार मराठी घरं होती, सणाला पुरणपोळी करायला आणि आजारपणात रात्र जागायला तेवढी पुरत. अप्पा भुसावळला रेल्वेच्या आवाजात वाढले होते. मेल वेळेला बांधलेली असते, ती कुणासाठी थांबत नाही आणि थांबूही नये, हे त्यांना लहानपणापासून मान्य होतं. बसचं मात्र वेगळं, असं ते म्हणत. बसच्या मागे माणूस धावत येत असेल तर बसने थांबलं पाहिजे. गाडी चांगली की वाईट हे ते एवढ्या एका गोष्टीवरून ठरवत.

या मताला त्यांच्याकडे इतिहासाचा आधारही होता. ते येण्याआधी दिल्लीत बसगाड्या चालवायची ती ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. मे १९४८मध्ये केंद्र सरकारने ही सेवा ताब्यात घेतली आणि दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, १ जून १९४८ला, आपल्याकडे पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. अप्पा या दोन्ही गोष्टी एका दमात सांगत. "देश स्वतंत्र झाल्यावर वर्षाच्या आत बस सरकारची झाली, म्हणजे तुमची-आमची झाली. आता ती थांबायला नको का?" असं विचारताना त्यांचा आवाज चढे. पुढे १९५८मध्ये ही सेवा दिल्ली महापालिकेकडे गेली, १९७१मध्ये तिचं महामंडळ झालं, ते आजचं डीटीसी. अप्पांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत "सर्व्हिस" हाच शब्द राहिला.

माईची ट्राम चांदणी चौकातली. दिल्लीत विजेची ट्राम १९०८मध्ये सुरू झाली आणि १९६३मध्ये बंद पडली, म्हणजे माईच्या वाट्याला तिची शेवटची वर्षं आली. ट्राम इतकी हळू चालायची, की उतरताना नऊवारीचा घोळ सावरायला वेळ मिळायचा. माईला ती आवडायची ती याच कारणासाठी. तिला अजिबात न आवडणारी गाडी म्हणजे फटफटी. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाकडी जोडून केलेलं ते वाहन कॅनॉट प्लेसहून लाल किल्ल्याकडे जायचं. परक्या माणसांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसावं लागे, आवाजाने कान बधिर होत, आणि उतरल्यावरही अंग थरथरत राही. अप्पा हसत, माई रागावे. प्रदूषणाच्या कारणाने नव्वदीच्या अखेरीस फटफट्या हटल्या, तेव्हा घरात हळहळ न वाटलेली माई एकटीच होती.

अप्पा निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मयूर विहार फेज वनमधल्या डीडीएच्या, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, फ्लॅटमध्ये आलो. नातेवाइकांनी विचारलं, "जमनापार?" दिल्लीत हा शब्द ज्या सुरात उच्चारतात तो सूर कानाला लागतो. यमुनेच्या पूर्वेला राहणं म्हणजे शहराबाहेर पडणं, असा त्यात अर्थ असतो. अप्पांनी त्यावर दिलेलं उत्तर मला फार आवडतं. ते म्हणाले, "आपली माणसं इथे आधीच येऊन गेली आहेत."

त्यांना म्हणायचं होतं ते १८०३ सालाबद्दल. ११ सप्टेंबरला जनरल लेकच्या इंग्रज फौजेची आणि दौलतराव शिंद्यांच्या फौजेची लढाई झाली ती याच भागात, पटपडगंजजवळ. शिंद्यांच्या फौजेचा सेनापती लुई बुर्कें नावाचा फ्रेंच माणूस होता आणि फौजेच्या पाठीशी यमुना होती. फळी फुटल्यावर मागे हटायला जागाच नव्हती. कितीतरी शिपाई नदी ओलांडताना बुडाले. त्यानंतर दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे आणि आमच्या मेट्रोच्या ब्लू लाइनवर गोल्फ कोर्स नावाचं स्टेशनही आहे. त्या स्टेशनवर उतरणाऱ्या कुणालाही याची कल्पना नसते. माझ्या मते स्टेशनवर चार ओळींची एक पाटी लागायला हवी.

नदी मध्ये असल्यामुळे आमचा सगळा दिवस पुलावर अवलंबून असायचा. निजामुद्दीन पुलावर गाड्या खोळंबल्या की अख्ख्या मयूर विहारची संध्याकाळ पुढे सरकायची. घरी उशीर झालेला माणूस कारण सांगायचा नाही, नुसतं "पूल" म्हणायचा. बाबांनी चार्टर्ड बस धरली ती या पुलामुळे. पूर्व दिल्लीतल्या सरकारी नोकरांची ही खास सोय होती. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, आपली जागा ठरलेली, सकाळी सोसायटीच्या गेटपासून थेट केंद्रीय सचिवालयाच्या परिसरात. त्या बसमध्ये पत्ते चालत, वेतन आयोगावर चर्चा होई, मुलामुलींची लग्नं जमत. बाबांच्या शेजारी वर्षानुवर्षं एकच तमिळ गृहस्थ बसत आणि दोघांनी एकमेकांना आपापल्या भाषेतले दोन-दोन अपशब्द तेवढे शिकवले होते. चार्टर्ड बस अप्पांना पसंत नव्हती. ओळखीच्या चाळीस माणसांसाठी ती थांबे, एकेचाळिसाव्यासाठी नाही.

एकेचाळिसावा माणूस इथे पुष्कळ होता. आमच्या शेजारची त्रिलोकपुरी ही आणीबाणीच्या काळात वसवलेली वस्ती. शहराच्या मधल्या भागातली घरं पाडून माणसांना नदीपलीकडे आणून टाकलं, कामं मात्र जुन्याच जागी राहिली. त्यांच्यासाठी बस म्हणजे मजुरी. सकाळी साडेसहाला स्टॉपवर उभ्या असलेल्या त्या माणसांकडे बोट दाखवून अप्पा मला म्हणत, "बस चुकली तर आपल्याला शेरा मिळतो, यांचा दिवस जातो."

जुन्या डीटीसी बसमध्ये मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं. कंडक्टर एसटीतल्यासारखा फिरत नाही. मागच्या दाराशी आपल्या जागेवर बसून असतो. गर्दीत पुढे ढकललं गेलेल्या माणसाने काय करायचं? नोट मागे द्यायची आणि कुठे जायचंय ते सांगायचं. ती नोट पाच-सहा हातांतून कंडक्टरकडे जाते, प्रत्येक हात स्टॉपचं नाव पुढच्याला सांगतो, आणि थोड्या वेळाने तिकिटात गुंडाळलेली सुटी नाणी त्याच हातांतून परत येतात. कुणाचा चेहरा दिसत नाही, पण पैसे कमी आलेले मला आठवत नाहीत. बसमधली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच. बाहेर एकमेकांच्या सावलीला उभी न राहणारी माणसं इथे दुसऱ्याचे पैसे सांभाळून पोचवत होती.

आणि सगळ्यांत नावडती? नव्वदीतल्या खासगी बस. १९९२मध्ये खासगी मालकांना मोठ्या प्रमाणावर परवाने मिळाले आणि लाल रंगाच्या रेडलाइन रस्त्यावर आल्या. अपघातांमुळे त्यांचं नाव इतकं खराब झालं की रंग बदलून त्यांच्या ब्लूलाइन झाल्या. रंग बदलला, हिशेब तोच राहिला. प्रत्येक बस वेगळ्या मालकाची आणि दिवसाची कमाई तिकिटांवर. एकाच मार्गावरच्या दोन बस पुढचा स्टॉप आधी गाठायला शर्यत लावत आणि तिथे पोचल्यावर गाडी गच्च भरेपर्यंत हलत नसत. स्टॉपच्या कितीतरी पुढे, रस्त्याच्या मध्यावर माणसं चढवत. म्हाताऱ्यांना धावायला लावत. त्या गर्दीत बायकांच्या वाट्याला काय येई ते दिल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारावं. मी कॉलेजात असताना सेफ्टी पिन ओढणीला कमी आणि हातात जास्त असायची. अशाच एका बसमधून उतरताना गाडी सुटली आणि आई रस्त्यावर पडली, मनगट मोडलं. ड्रायव्हरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. अप्पा त्या दिवशी काही बोलले नाहीत. रात्री उशिरा माईला एवढंच म्हणाले, की सर्व्हिस होती ते बरं होतं.

मला वाचवलं ते यू-स्पेशलने. विद्यापीठाच्या मुलामुलींसाठी डीटीसी या खास बस सोडत असे, सकाळी नॉर्थ कॅम्पसकडे आणि दुपारी परत. पास दाखवायचा आणि गाणी म्हणायची. मयूर विहारची मुलं, लक्ष्मीनगरची मुलं, मल्याळी, बंगाली, पंजाबी सगळी एकत्र. माझं हिंदी सुधारलं ते त्या बसमध्ये. आमच्या ड्रायव्हरना मुलं "चाचा" म्हणत, आणि एखादी मुलगी कोपऱ्यावरून पळत येताना दिसली की चाचा ब्रेक दाबत. अप्पांना मी हे आवर्जून सांगितलं होतं.

मेट्रो आमच्या दाराशी आली नोव्हेंबर २००९मध्ये, यमुना बँकपासून नोएडाकडे जाणारी ब्लू लाइन सुरू झाली तेव्हा. अप्पा तोवर नव्हते. बाबांना अभिमान होता तो दिल्ली मेट्रो उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांचा, "हे कोकण रेल्वेवाले," असं ते मेट्रोने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर २०१०पासून, गाडीचा पहिला डबा बायकांसाठी राखीव झाला. त्या डब्यात पहिल्यांदा चढले तेव्हा मी खांदे सैल सोडून उभी राहिले. इतकी वर्षं बसमध्ये खांदे आवळून उभं राहायची सवय अंगात भिनली होती, हे तेव्हा लक्षात आलं. मेट्रो माझी झाली ती त्या क्षणी. ती धावत येणाऱ्यासाठी थांबत नाही, पण तिच्यामागे धावायची गरजही नाही. चार-पाच मिनिटांत दुसरी येते. यमुना बँक सुटून इंद्रप्रस्थ यायच्या आत खाली नदी दिसते. जो पूल आमच्या संध्याकाळी खायचा, तो आता शेजारी मुकाट उभा असतो.

मेट्रोत मला खटकतात ती माणसं. दार उघडायच्या आत मुसंडी मारणारी, उतरणाऱ्याला वाट न देणारी, मोबाइल मोठ्या आवाजात लावून सगळ्या डब्याला ऐकवणारी. बसमध्ये कुणीतरी त्यांना दटावलं असतं. मेट्रोत सगळे आपापल्या पडद्यात.

आमच्या भागाने मेट्रोला एकदा अडवूनही धरलं होतं. पिंक लाइन आमच्याकडे ३१ डिसेंबर २०१८ला आली, पण मयूर विहार पॉकेट वन आणि त्रिलोकपुरी यांच्यामधला छोटासा तुकडा जोडायचा राहिला. मार्गात घरं होती आणि तिथल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सुटत नव्हता. सुमारे ५९ किलोमीटरचा मार्ग या तुकड्यापायी ६ ऑगस्ट २०२१पर्यंत दोन भागांत चालला. लोक वैतागत. मला ते थांबणं योग्य वाटलं. त्रिलोकपुरीतल्या माणसांना एकदा रातोरात उचलून आणलं होतं. दुसऱ्यांदा त्यांची सोय लागेपर्यंत शहराने वाट पाहिली.

२९ ऑक्टोबर २०१९ला, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर गुलाबी तिकीट द्यायचा. आईने पहिल्या दिवशीचं तिकीट देवघरात ठेवलं. आमच्याकडे काम करणाऱ्या त्रिलोकपुरीच्या ताई तोवर अर्ध्या रस्त्याने चालत येत, त्या बसने यायला लागल्या. पण थोड्याच काळात बायकाच उभ्या असलेल्या स्टॉपवर बस न थांबवताच पुढे नेण्याच्या तक्रारी शहरभर वाढल्या. मे २०२३मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांना अशा चालकांना कारवाईचा जाहीर इशारा द्यावा लागला. अप्पा हयात असते तर त्यांनी या बातमीचं कात्रण काढून ठेवलं असतं. तिकीट फुकट आणि बस थांबत नाही, याचा अर्थ काय, हे त्यांनी मंत्र्याला पत्र लिहून विचारलं असतं.

आता आमच्या शेजारी न्यू अशोकनगरला नमो भारत आली आहे. जानेवारी २०२५मध्ये ते स्टेशन सुरू झालं. ताशी १६० किलोमीटरने धावणारी गाडी मेरठच्या दिशेने जाते. माझी बहीण मयूर विहार फेज थ्रीमध्ये राहते. फेज थ्रीला मेट्रो नाही. त्या वेगवान गाडीपर्यंत पोचायला तिला ई-रिक्षा लागते, आणि चौथी सवारी मिळेपर्यंत ई-रिक्षा सुटत नाही. आई सोबत असली की रिकाम्या जागेचे पैसे स्वतःच्या पर्समधून काढून देते आणि म्हणते, "चलो भैया, भर गई." मला ते पटत नाही. फेज थ्रीपासून स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी एक बस हवी, भरो न भरो वेळेवर सुटणारी. सोसायटीतल्या बायकांच्या सह्या घेऊन बहिणीने तसा अर्ज तयार केला आहे. त्यावर आईची सही पहिली आहे, आणि पुढच्या आठवड्यात तो द्यायला आम्ही तिघी बसनेच जाणार आहोत.