मार्लवाईची शाळा आणि गोंडांचे घर

उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा व प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी, या नद्यांनी वेढलेला मुलूख म्हणजे जुना आदिलाबाद जिल्हा. पूर्वी तो हैदराबाद संस्थानात मोडत असे. आज तो तेलंगणात असून २०१६ साली त्याचे चार जिल्हे करण्यात आले. उटनूरच्या डोंगरपठारावर राहणारा राजगोंड समाज दीर्घकाळ बाहेरच्या जगापासून दूर राहिला. त्या समाजातील वाढत्या वयाची मुले घरी काय शिकत आणि त्या घरात शाळा कशी आली, ही हकीकत मराठी माणसाने जाणून घेण्याजोगी आहे.

गोंडांच्या घरात बालपण आणि थोरपण यांमध्ये फारसे अंतर नसे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा बापाबरोबर नांगर धरी आणि ज्वारी भरात आली की माळ्यावर बसून गोफणीने पाखरे राखी. त्याच वयाची मुलगी पहाटे मोहाची फुले वेचून आणी, पाणी भरी आणि आंबील शिजवी. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांची मांडणी तिला तोंडपाठ असे. कारण आपल्याच शाखेत सोयरीक होत नाही, हे तिला ठाऊक असावेच लागे. दिवाळीच्या सुमारास तरुणांचा दंडारीचा मेळा मोरपिसांचे टोप घातलेल्या गुसाडींसह गावोगाव नाचत जाई. यजमान गाव त्यांना जेवू घाली आणि त्या भेटीगाठींतूनच पुढे सोयरिकी जुळत. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडवतात. ही भेट झाल्यावाचून सून कुळाची होत नाही. कुळांच्या कथा प्रधान लोक किंगरीवर गात. या प्रधानांची घरची बोली मात्र मराठी, हे विशेष.

असे हे घर आपल्या परीने पुरते शिकवणारे होते. तथापि एक गोष्ट त्याला शिकवता येत नव्हती, आणि ती म्हणजे कागद वाचणे. संस्थानात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींतून कुटुंबेच्या कुटुंबे उठवली गेली. ज्याच्याजवळ पट्टा त्याची जमीन, असा नवा न्याय आला. कचेरीची भाषा उर्दू, सावकाराची वही त्याच्या हातची, आणि गोंडाजवळ पुरावा म्हणून केवळ वडिलांचा शब्द. या असंतोषातूनच कुमरम भीम यांचा उठाव झाला आणि १९४० साली जोडेघाट येथे ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले.

त्यानंतर संस्थानाने या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपवले. पत्नी बेट्टी यांच्यासह ते मार्लवाई गावी गोंडांसारख्याच साध्या घरात राहिले. १९४३ साली तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पण शिक्षक आणायचे कोठून? थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे मोजके गोंड तरुण हाताशी होते. त्यांनाच शिकवून तयार करण्यात आले. पहिली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, परंतु देवनागरी अक्षरांत छापली गेली. म्हणजे मुलाला अक्षर नवे असले तरी शब्द आईचाच होता आणि शिकवणारा मास्तरही शेजारच्या पाड्यावरचा होता. या शाळांतून पुढे कोणी मास्तर झाले, कोणी पटवारी, तर कोणी जंगलरक्षक. प्रसिद्ध मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हेही संस्थानच्या सेवेत या जिल्ह्यात होते. त्यांनी गोंडी व कोलामी भाषा आत्मसात करून त्यांची व्याकरणे लिहिली.

यामुळे घरातही पालट झाला. शेतीत बापाचा शब्द अखेरचा असे; परंतु पट्ट्यावर काय लिहिले आहे, हे आता मुलगा सांगू लागला. वडील मात्र त्यामुळे लहान झाले नाहीत. कारण मुलगा जे वाची ते त्यांच्याच भाषेत समजावून सांगे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात आले, तर उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. शाळेत तेलुगू भाषा व लिपी आली. थोरल्या भावाने शिकलेली अक्षरे धाकट्याला परकी झाली, आणि गोंडी मात्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे शाळेबाहेरच राहिली. पुढे रस्ते झाले, बाहेरचे लोक आले आणि पुष्कळ जमिनी पुन्हा हातच्या गेल्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. तेव्हा केवळ साक्षरतेने सारे साधते, असे म्हणता येणार नाही.

परंतु मार्लवाईचा धडा खोटा ठरत नाही. बेट्टी यांचे १९८७ साली निधन झाले आणि त्यांना मार्लवाईतच मूठमाती देण्यात आली. परक्या देशातील त्या बाईंना गावाने आपल्या मातीत जागा दिली. कारण त्यांच्या घरी सुरू झालेल्या कामाने मुलांना आईबापांपासून तोडले नव्हते. आजही आपल्या सीमाभागातील कित्येक मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात आणि शाळेत मराठीपुढे गप्प बसतात. त्यांना मंद म्हणण्यापूर्वी, आपण त्यांच्या घरचा एक तरी शब्द शिकलो आहोत काय, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारावा.